तिच्या हाताला चटका कळेना

करपलेल्या भाकरीचा वास मला ओळखीचा आहे. त्या सकाळी आला तो वास निराळा होता. मी दाराशी बसून तुटलेल्या चपलेचा अंगठा शिवत होतो. आत वळून बघितलं तर बायको चुलीपुढं बसलेली, तव्यात भाकरी, आणि भाकरीवर पाणी फिरवून झालेला तिचा हात तव्याच्या कडेला टेकलेला. टेकलेला तो तसाच. ती बघत होती पिठाच्या डब्याकडं.

"अगं, हात."

तिनं हात उचलून डोळ्यासमोर धरला. दुसऱ्या कुणाचा हात आपल्याला सांभाळायला दिलाय असा बघितला. करंगळीखालची कातडी पांढरी होऊन वर आली होती.

"मला वाटलं भाकरीच करपायलीय," ती म्हणाली.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण ती गेल्यापासून हेच डोक्यात फिरतंय, म्हणून लिहून काढतोय. कुणी वाचलं तर बरं, नाही वाचलं तरी चालतंय.

आमचं गाव मुखेड तालुक्यातलं, जिल्हा नांदेड. बहात्तरच्या दुष्काळानं गाव सुटलं आणि आम्ही लातूरला आलो. मी अडतीत हमाली धरली. पाठीवर पोतं घ्यायचं आणि थप्पीला लावायचं, त्यात शिकायचं काही नसतं. हाताच्या चटक्याची गोष्ट घडली ती लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर रंगवत होते. रंगाऱ्याच्या शिडीखालून आम्ही पोती वाहायचो. गावात सगळे खुशीत होते, आता मोठा दवाखाना होणार, मोठे डॉक्टर येणार. मला त्याचं काही नव्हतं. आमच्या घरात कोण आजारी होतं तेव्हा?

फोडाला हळद लावताना मी विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई. तेच तर."

मग एकेक निघालं. बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या, त्या कित्येक महिन्यांच्या. ओठ बधिर. जिभेवर कुणी ओलं फडकं टाकल्यागत वाटतं म्हणाली. म्हणून कालवणात मीठ दोनदा पडत होतं. मी आणि पोरगी पाणी पीत जेवायचो आणि बोलायचो नाही.

सगळ्यात वाईट तिनं शेवटी सांगितलं. आम्ही लिंगायत. अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि डोळे मिटून बसायचं. ती म्हणाली, "डोळे मिटले की लिंग हातावर हाय का पडलं, कळत न्हाई. म्हणून मी हल्ली उघड्या डोळ्यांनीच बसते." एवढं सांगून रडली. भाजलं तेव्हा रडली नव्हती.

त्याच दिवसांत पुतण्याच्या लग्नाला गावी गेलो. माझ्या मोठ्या भावाची बायको, आमची वैनी, तिनं तो फोड बघितला. वैनी तशी वाईट नाही, पण तिचं तोंड म्हणजे गावची दवंडी. तिनं वाकळ शिवायची सुई आणली आणि माझ्या बायकोच्या बोटात खुपसली.

"कळलं का गं?"

"काय?"

वैनी सुई टाकून उठली. "ही रगतपिती हाय. महारोग. हिला येगळं ताट द्या. लग्नाच्या पंगतीत बसवू नका, आधीच सांगते."

आमच्याकडं त्या रोगाचं नाव घेतलं की माणूस जिवंतपणीच माणसांतून उठतो. पोरी लगेच लांब सरकल्या. संध्याकाळी तिला गोठ्याच्या बाजूला, जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या ताटात वाढलं. मी पंगतीतून उठलो, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि तिच्या ताटातली भाकरी मोडली.

वैनी लांबून म्हणाली, "भाऊजी, तुमालाबी व्हईल."

"होऊ दे. मग दोघांना मिळून एकच ताट द्या, तुमचं एक भांडं वाचंल."

बायको माझ्याकडं बघत होती. "खाऊ नका ना," हळूच म्हणाली. मी खाल्लं. आमच्यात बाई नवऱ्याच्या मागून जेवते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्यासोबत एका ताटात जेवायची ती माझी पहिली वेळ.

लातूरला परत आल्यावर महारोग तपासणाऱ्या सरकारी माणसाकडं गेलो. त्यानं तिचे डोळे बांधले, कापूस फिरवला, कोपराजवळची नस दाबून बघितली, पाठ, दंड, कान सगळं बघितलं. म्हणाला, "चट्टा नाही, नस सुजलेली नाही. हे ते नाही. दोन्ही हात सारखे बधिर आणि जीभसुद्धा, म्हणजे हे दुसरंच काहीतरी आहे. मोठ्या डॉक्टरला दाखवा." त्या माणसाच्या पाया पडायला ती वाकली तर तो मागं सरकला, लाजला. वैनीला मी मुद्दाम निरोप धाडला. वैनीनं काय केलं? त्या ताटात कुत्र्याला पाणी ठेवलं.

मग डॉक्टर सुरू झाले. एक म्हणाला मिश्रीनं तोंड बधिर होतं, सोडा. तिनं मिश्रीची डबी नालीत टाकली. दात दुखले, डोकं दुखलं, जीभ होती तशीच. दुसऱ्यानं मानेचा मणका दाबला गेलाय म्हणून गळ्याला पट्टा दिला. लिंगाची डबी पट्ट्याखाली रुतायची, म्हणून ती पट्टा घालून रात्रभर बसून झोपायची. तिसऱ्याला साखरेचा संशय आला. लघवी तपासली, साखर नव्हती. चौथा म्हणाला कॅल्शियम कमी असलं की ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. त्या पांढऱ्या गोळ्या तिनं चावून खाल्ल्या, काही नाही. शेजारची म्हातारी म्हणायची लकवा येणार हाय, ही त्याची वर्दी हाय. रोज सकाळी मी तिला हसून दाखव म्हणायचो, तोंड वाकडं होतंय का बघायला. ती हसायची. "असं रोज हसायला सांगणार हे ठाऊक असतं तर आधीच आजारी पडले असते," म्हणायची.

एका डॉक्टरनं खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या दिल्या. त्यानं तोंडावर तजेला आला. आम्हाला वाटलं, सापडलं. पण हात आणखी गेले. मग पाय. पायातली चप्पल निसटून मागं राहायची आणि ती तशीच पुढं चालत जायची. पोरगी मागून चप्पल घेऊन यायची. "अव्वा, पाय कुठं, चप्पल कुठं," म्हणून हसायची. मी हसायचो नाही.

तोवर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आली होती. रांग मोठी, ऊन मोठं. तिनं हात बघितले, जीभ काढायला लावली. जीभ गुळगुळीत, लाल, पाटीसारखी. मग तिनं जे कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"जेवणात काय असतं?"

मीच बोललो. "भाकरी, वरण, भाजी, ठेचा. आमच्यात मास-अंडं चालत न्हाई."

"दूध?"

"दूध हिला आवडत न्हाई. कोरा चहा पिते. ताक-दही घेत आसंल की."

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं बघितलंच नाही. बायकोला विचारलं, "मावशी, तुम्ही सांगा. ताक-दही घेता?"

"न्हाई."

"तूप?"

"न्हाई. दुधाचं कायबी न्हाई."

"कधीपासून?"

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "यांच्या मुदतीच्या तापापासून."

मुदतीचा ताप म्हणजे टायफाईड. दुष्काळात आम्ही दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो आणि तिथंच मला तो आला. गावात जनावरं उरली नव्हती. आमची म्हैस छावणीत गेली ती परत आलीच नाही. कुठून तरी कुणीतरी पेलाभर दूध द्यायचं, ते पाणी घालून ती मला पाजायची. मला त्यातलं थोडंच आठवतं. छत आठवतं, तिचा हात आठवतो, गार. लोकांनी मला संपल्यात जमा केलं होतं. तेव्हा तिनं महादेवाला सांगितलं होतं, याला उठवलास तर या घरात येईल ते दूध याचं. माझ्या तोंडाला लागणार नाही, जिवात जीव आहे तोवर.

हे तिनं डॉक्टरीणबाईला सांगितलं, मला नाही. मी शेजारी स्टुलावर बसून ऐकलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी ती माझ्यापुढं दुधाचा पेला ठेवायची. तिला दुधाचा वास आवडत नाही, असं मी लोकांना सांगत फिरायचो.

डॉक्टरीणबाईनं सगळं समजावलं. अंगाला एक जीवनसत्त्व लागतं, बी बारा. ते पाल्यात, धान्यात नसतं. मास-मच्छीत असतं, अंड्यात असतं, दुधात असतं. मास न खाणाऱ्याला दुधाचाच आधार. तेही सोडलं तर अंगातला साठा काही वर्षं पुरतो, मग नसा झिजतात, वायरवरचं प्लास्टिक सोलावं तशा. आधी बोटं, जीभ, मग पाय, पुढं पुढं डोकंसुद्धा. लाल गोळ्यांनी रक्त भरलं, पण नसांना हवं होतं ते त्यात नव्हतं. म्हणाली, "इंजेक्शनं देते. हात बरेचसे परत येतील. पण मावशी, दूध सुरू करा. नाहीतर इंजेक्शन जन्मभर लागेल."

"इंजेक्शन घेईन," बायको म्हणाली. "जन्मभर घेईन."

घरी येताना मी रस्त्यात थांबलो. "मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर तुमी प्यालाच नसता."

ते खरं होतं. मग आम्ही चालायला लागलो.

इंजेक्शन लाल पाण्याचं होतं. घराजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर द्यायचा. काही आठवडे गेले आणि एका सकाळी चुलीपुढून ती ओरडली. मी धावलो. ती बोट तोंडात घालून बसलेली, डोळ्यांत पाणी, आणि हसत होती.

"पोळलं," म्हणाली. "अहो, पोळलं मला."

पोरीला हाक मारून सांगितलं. शेजारच्या म्हातारीला सांगितलं. म्हातारी म्हणाली, "पोळलं म्हणून एवढं काय सांगत सुटलीस, पेढेच वाट आता." त्या दिवशी तिनं डोळे मिटून पूजा केली. लिंग बारीक मुंगी चालल्यासारखं लागतं म्हणाली, पण लागतं. माझ्या आयुष्यातला चांगला दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी तो सांगेन.

कंपाउंडर बोलघेवडा होता. वाईट हेतू नव्हता त्याचा. एकदा सुई काढताना म्हणाला, "मावशी, ताकद येणारच, कलेजीचा रस हाय ह्यात."

ती घरी आली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. लिंग हातावर घेऊन बसली ती उठेना. मी डॉक्टरीणबाईला विचारायला पळालो तर तिची बदली झालेली. तिच्या जागेवरचा म्हणाला, पूर्वी कलेजीपासून काढायचे, आता हे कारखान्यात बनतं. मी येऊन तसंच सांगितलं.

"कारखाना तुमी बघितला का?"

"न्हाई."

"मग?"

ती परत सुईजवळ गेली नाही. हळूहळू चटका कळेनासा झाला.

आता एकच वाट राहिली होती, दूध. आणि तिच्या हिशोबी त्या दुधावर माझा जीव टांगलेला. मी भांडलो, पेला आपटला, जेवलो नाही. एकदा म्हणालो, "असं कर, तुझा नवस मी घेतो. मी दूध सोडतो, तू पी."

"मग तुमचे हात जातील. पोतं काय दातानं उचलाल?"

शेवटी गावच्या मठात गेलो. स्वामी म्हातारे होते, नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "ज्याच्यासाठी नवस बोललीस त्यानंच आपल्या हातानं पाजलं तर सुटतो. महादेव काय गवळी हाय का दुधाचा हिशोब ठेवायला." ती पहिल्यांदाच मोकळी हसली. तिथंच मठात, वाटीत दही घेऊन मी माझ्या हातानं तिला भरवलं. तिनं किती तरी वेळ तोंडात धरलं.

"आंबट लागतंय का?"

"लागतंय जरासं," ती म्हणाली. "इसरलेच होते."

लातूरला परत आलो. मी रोज भरवायचो, दहीभात, लहान पोराला भरवावा तसा. पोरगी चिडवायची, "अप्पा, मलाबी भरवा की." असे चार-सहा दिवस गेले असतील. मग बाजारात थप्पी कोसळली आणि मी खाली सापडलो. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या. डोळे उघडले तेव्हा दवाखान्याच्या खाटेचा कठडा धरून ती उभी होती. कठडा घट्ट धरलाय हे तिला कळत नसावं, बोटं पांढरी पडली होती.

मीच आधी बोललो. "थप्पी चुकीची लावली होती. खालची पोती तिरकी होती. सगळ्यांना ठाऊक होतं."

"हाव," ती म्हणाली. "थप्पीच चुकली."

त्यानंतर तिनं दुधाला तोंड लावलं नाही. पुन्हा मठात चल म्हणालो, आली नाही. स्वामी देवमाणूस आहेत, पण माझा नवरा त्यांचा नाही, म्हणाली. पोरगी मोठी झाली होती. आईला चव कळत नाही म्हणून तिनं भाकरीच्या पिठात दूध कालवलं. पहिला घास तोंडाजवळ नेऊन आईनं खाली ठेवला. "जीभ गेली, नाक हाय अजून," एवढंच म्हणाली आणि ती भाकरी माझ्या ताटात वाढली.

माझा पाय जुळला. तिचे पाय गेले. आधी भिंतीला धरून चालायची, मग माझ्या खांद्याला, मग अंथरुणात. भाकरी पोरगी थापायची, पोरीचं लग्न झाल्यावर मी. डोकंही जाईल असं डॉक्टरीणबाई म्हणाली होती, ते झालं. कधी मला तिचा भाऊ समजायची. कधी खडीवर जायचं म्हणून उठू बघायची, हातोडा मागायची. पण दिवे लागले की न चुकता विचारायची, "दूध प्यालात का?" मी प्यालो म्हणालो की गप्प पडायची. नाही म्हणालो तर झोपायची नाही. जवळ पेला नेऊन तिच्यासमोर प्यायला लागायचं. त्या दुधाला मला कधीच चव लागली नाही.

ती गेली ती पहाटे, झोपेतच. मी चहा ठेवला होता, कोरा.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. माणसाला बसवूनच खड्ड्यात ठेवतात, पूजेला बसल्यासारखं. आमच्या जंगम पुरोहितानं तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात, लिंग घसरायला लागलं. जंगम म्हणाला, राहू द्या, माती धरंल. मी खाली उतरलो. लोक नको म्हणत होते, माझा पाय असा. मी तिची बोटं एकेक करून मिटवली आणि वरून माझा हात दाबून धरला. करंगळीखाली तव्याचा जुना डाग होता. बेलपान, भस्म आत टाकून झालं तरी मी धरूनच होतो. मग दोघांनी मला काखेत धरून वर काढलं.

आता मी पोरीकडं असतो, लातूरलाच. मध्ये माझं सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाला, आजोबा, या वयात असं रक्त, अशा नसा, नशीबवान आहात. दिवे लागले की पोरगी माझ्यापुढं पेला ठेवते. मी नको म्हटलं की म्हणते, "अप्पा, अव्वाचं हाय ते. प्या."

मग पितो. दूध ती कडकडीत तापवते. पेला धरला की हाताला चटका बसतो. दोन्ही हातांना बसतो, ओठाला बसतो. मी पेला खाली ठेवत नाही.